दुपारची २० मिनिटे : आळस, आरोग्य आणि विसाव्याची आज्ञा

वसईची लेक :

नमस्कार. माझे माहेर वसईतल्या एका बागायती वाडीतले, सासर मालाडचे, आणि गेली २६ वर्षे मी पश्चिम उपनगरातल्या एका शाळेत सकाळच्या सत्रात शिकवते. पहाटे ४.३० वाजता माझा दिवस सुरू होतो, दुपारी १.३० च्या सुमारास मी घरी पोहोचते, आणि सगळे आवरून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत रात्रीचे ११.३० वाजलेले असतात. म्हणजे झोप जेमतेम पाच तास. गेल्या वर्षी रक्तदाब वाढलेला आढळला, तेव्हा डॉक्टरांनी औषध तर दिलेच, पण सोबत असेही सांगितले की रात्रीची झोप कशी वाढवता येईल ते पाहा, आणि ते जमेपर्यंत जेवणानंतर थोडा वेळ डोळे मिटून पडत जा.

तेव्हापासून मी रोज दुपारी २० मिनिटे पडते. त्याचा गुण मला जाणवतो : संध्याकाळी वह्या तपासताना डोके जड होत नाही, आणि घरच्यांवर विनाकारण आवाज चढत नाही. तरीही एक अपराधीपणा काही केल्या जात नाही. दाराची बेल वाजली की मी दचकून उठते, केस सारखे करते, आणि आपण झोपलो होतो हे समोरच्याच्या लक्षात येऊ नये म्हणून धडपडते.

याचे मूळ कुठे आहे ते मला ठाऊक आहे. माहेरी पहाटे ३ वाजल्यापासून बागेला पाणी लावणारे पुरुष दुपारी चर्चची १२ ची घंटा झाली, प्रार्थना झाली, जेवणे झाली की पडवीत आडवे होत. आजी मात्र कधीच आडवी झाली नाही. ती भिंतीला टेकून, मांडीवर तांदळाचे सूप घेऊन बसे. तिचे डोळे मिटलेले असत, आणि अंगणात कुणाची चाहूल लागली की तिची बोटे आपोआप खडे वेचू लागत. ती झोपत होती हे आम्हां सगळ्यांना माहीत होते, आणि ते कुणीही बोलून दाखवायचे नाही, हेही माहीत होते. पुढे धर्मशिक्षणाच्या वर्गात सात प्रमुख पापांमध्ये आळसाचे नाव ऐकले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आजीचे ते सूप आले होते.

म्हणून हा धागा. दुपारची थोडी झोप प्रकृतीला खरोखर हितकारक आहे का, किती वेळ आणि केव्हा, हे जाणकारांनी सांगावे. आणि जे माझ्यासारखे श्रद्धावंत आहेत, त्यांनी या झोपेकडे ख्रिस्ती दृष्टीने कसे पाहावे, तेही लिहावे.

पाळीवाली परिचारिका :

ताई, मी परळच्या एका रुग्णालयात १९ वर्षे परिचारिका आहे आणि त्यांतली निम्मी वर्षे तरी रात्रपाळीत गेली आहेत, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या जगण्याचा आहे.

दुपारी १ ते ३ च्या दरम्यान येणारी पेंग फक्त भातामुळे येते असे आपण मानतो, पण ते पूर्ण खरे नाही. शरीराच्या चोवीस तासांच्या घड्याळातच दुपारी एक उतार असतो आणि जेवण हलके असले तरी तो येतो. भरपेट जेवणाने तो अधिक जाणवतो इतकेच. शिवाय आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि झोपेचा दाब वाढवते. चहा-कॉफीतले कॅफिन त्या द्रव्याचा परिणाम काही काळ अडवून धरते. झोप मात्र ते द्रव्यच कमी करते. म्हणून दुपारचा तिसरा कप आणि २० मिनिटांची डुलकी यांचा परिणाम वरवर सारखा वाटला तरी आत घडणारी गोष्ट वेगळी असते.

किती वेळ, या प्रश्नावर ऑस्ट्रेलियातला २००६ चा एक प्रयोग मला फार उपयोगी वाटतो. रात्री फक्त पाच तास झोपलेल्या तरुणांना दुपारी ५, १०, २० आणि ३० मिनिटे झोपवून पाहिले गेले. १० मिनिटांच्या झोपेने उठल्याबरोबर तरतरी आली. ३० मिनिटांच्या झोपेनंतर मात्र आधी काही काळ डोके जड राहिले आणि मग लाभ दिसला. कारण असे की साधारण वीस-तीस मिनिटांनंतर आपण गाढ झोपेत उतरू लागतो, आणि तिथून एकदम उठवले की ती गुंगी लवकर उतरत नाही. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेला अभ्यासही प्रसिद्ध आहे : त्यांना आळीपाळीने ४० मिनिटांची सवड दिली गेली, त्यात ते सरासरी २६ मिनिटे झोपले, आणि उड्डाणाच्या उरलेल्या भागात न झोपलेल्यांपेक्षा अधिक सावध राहिले.

म्हणून माझा सल्ला असा : दुपारी ३ च्या आत, २५ मिनिटांचा गजर लावून, पडदा ओढून पडावे. झोप लागलीच पाहिजे असा हट्ट धरू नये, कारण नुसते डोळे मिटून स्वस्थ पडण्यानेही शिणवटा उतरतो. ज्यांना रात्री झोप न लागण्याचा विकार आहे त्यांनी मात्र दिवसा झोपणे टाळावे, कारण त्याने रात्रीचा झोपेचा दाब आणखी घटतो.

भायखळ्याचा विश्वासी :

ताई, तुमच्या प्रकृतीसाठी डॉक्टरांनी सांगितले असेल तर अवश्य विसावा घ्या, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण दुपारच्या झोपेला श्रद्धेचा आधार शोधण्याची जी पद्धत हल्ली दिसते, तिच्याविषयी मला काळजी वाटते. आमच्या मंडळीत लहानपणापासून आम्ही बायबलमधली नीतिसूत्रे पाठ केली. ‘अरे आळशा, मुंगीकडे जा’ हे वचन, आणि आणखी थोडी झोप, आणखी थोडी डुलकी म्हणता म्हणता दारिद्र्य दरोडेखोरासारखे येऊन गाठते ही ताकीद, ही माझ्या वडिलांच्या तोंडी रोज असे. बायबलमध्ये दुपारी झोपलेल्यांचे प्रसंगही काही उत्साहवर्धक नाहीत. शौल राजाचा मुलगा ईश-बोशेथ भर दुपारी खाटेवर निजला असताना मारला गेला. दावीद राजा संध्याकाळी बिछान्यावरून उठून गच्चीवर फिरू लागला, आणि तिथूनच त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या पापाला सुरुवात झाली. गेथशेमाने बागेत शिष्य झोपले तेव्हा प्रभूने त्यांना, तुमच्याने एक तासही जागे राहवले नाही काय, असे विचारले. सावध राहणे ही आपल्या श्रद्धेची मूळ शिकवण आहे, तिला आपण हलके लेखू नये.

धर्मशिक्षक :

भायखळ्याच्या बंधूंचा आक्षेप मनापासूनचा आहे आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. त्यांनी दिलेल्या उदाहरणांपासूनच सुरुवात करतो.

ईश-बोशेथाची कथा पुढे वाचली तर दिसते की मारेकरी त्याचे शिर घेऊन बक्षिसाच्या आशेने दावीदाकडे गेले, तेव्हा दावीदाने त्यांनाच देहदंड दिला. एका निरपराध माणसाला त्याच्या स्वतःच्या घरात, त्याच्या स्वतःच्या बिछान्यावर मारणे हा त्याच्या दृष्टीने दुष्टपणाचा कळस होता. म्हणजे शास्त्राने तिथे झोपलेल्याला दोष दिलेला नाही, झोपेचा विश्वासघात करणाऱ्यांना दिला आहे. दावीदाच्या दुसऱ्या कथेत दोष आहे तो अशा राजाचा, ज्याने सैन्य लढाईवर पाठवले आणि स्वतः यरुशलेमेत राहिला. आणि गेथशेमानेत प्रभूने शिष्यांना जागे केले खरे, पण त्याच श्वासात ‘देह अशक्त आहे’ असेही म्हटले.

आता आळस. सात पापांच्या यादीतला आळस म्हणजे मुळात झोप नव्हे, आणि हा भेद आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतून पुरेसा सांगितला जात नाही याचे मला वाईट वाटते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियस या संन्याशाने या अवस्थेचे जे वर्णन केले आहे ते आजही चटका लावते. ग्रीकमध्ये तिला ‘आकेदिया’ म्हणतात. सकाळी १० पासून दुपारी २ पर्यंत हा दुरात्मा संन्याशाला छळतो, सूर्य जागचा हलतच नाही असे भासवतो, दिवस ५० तासांचा वाटू लागतो, माणूस सारखा खिडकीकडे पाहतो, आपल्या जागेचा, आपल्या कामाचा आणि सोबत्यांचा त्याला वीट येतो. हे दमलेल्या माणसाचे चित्र नाही. ज्याचे मन प्रेमापासून उठले आहे अशा माणसाचे ते चित्र आहे. असा माणूस दिवसभर धावपळ करत असेल, एक क्षणही झोपत नसेल, तरी त्या पापात बुडालेला असू शकतो. आणि पहाटे ४.३० ला उठून शाळा आणि संसार ओढणारी बाई दुपारी २० मिनिटे पडली, तर तिचा त्या पापाशी काहीही संबंध नाही.

सहाव्या शतकात संत बेनेदिक्तने मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या ४८ व्या अध्यायात पास्कासणापासून (ईस्टरपासून) १ ऑक्टोबरपर्यंतची दिनचर्या आहे. सहाव्या तासाची, म्हणजे भर दुपारची, प्रार्थना आणि जेवण झाले की बंधूंनी आपापल्या खाटांवर पूर्ण शांततेत विश्रांती घ्यावी, आणि कुणाला वाचायचे असेल तर दुसऱ्याला त्रास होणार नाही अशा रीतीने वाचावे, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. विशेष म्हणजे हाच अध्याय निरुद्योग हा आत्म्याचा शत्रू आहे या वाक्याने सुरू होतो. ज्याने आळसाला शत्रू म्हटले, त्यानेच त्याच पानावर दुपारच्या झोपेला जागा दिली, कारण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्याला पक्के माहीत होते. ‘सिएस्टा’ हा स्पॅनिश शब्ददेखील लॅटिनमधल्या ‘सहाव्या तासा’वरूनच आलेला आहे.

आणखी एका प्रसंगाचा उल्लेख करतो. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि आता मला मरण दे म्हणाला. देवाने त्याला उपदेश केला नाही. तो झोपला. दूताने त्याला स्पर्श करून उठवले, उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंभ होता. तो जेवला आणि पुन्हा झोपला, आणि या दुसऱ्या झोपेला कुणीही हरकत घेतली नाही. पुन्हा जेवू घातल्यावरच त्याला पुढचा प्रवास सांगितला गेला. मी अनेकांना निराशेच्या काळात आधी प्रार्थना वाढवण्याचा सल्ला देत असे. हा अध्याय नीट वाचल्यापासून मी आधी विचारतो, तुम्ही जेवलात का आणि झोपलात का.

दादरचा वैद्य :

मी ख्रिस्ती नाही, पण विषय जवळचा आहे म्हणून थोडे लिहितो. आयुर्वेदात दिवसाच्या झोपेला ‘दिवास्वाप’ म्हणतात आणि सर्वसाधारणपणे ती कफ वाढवणारी म्हणून वर्ज्य सांगितली आहे. मात्र चरकसंहितेत तिचे अपवादही बरेच आहेत : ग्रीष्म ऋतूत सर्वांना, आणि एरवी बालक, वृद्ध, कृश, रात्री जागरण झालेले, प्रवासाने किंवा श्रमाने थकलेले, अशांना ती मान्य आहे. पहाटे ४.३० ला उठणाऱ्या ताई या यादीत सहज बसतात. आपल्याकडे शतपावली आणि मग वामकुक्षी हा जो क्रम रूढ आहे, त्यातली डावी कूस निरर्थक नाही. डाव्या कुशीवर पडल्यास जठरातले आम्ल अन्ननलिकेत चढण्याचे प्रमाण कमी राहते, हे आधुनिक वैद्यकही मानते. जेवल्याबरोबर उताणे पडून तासभर घोरणे म्हणजे वामकुक्षी नव्हे, हे माझ्या रुग्णांना मला वारंवार सांगावे लागते.

उत्तनचा नाखवा :

आमच्या कोळीवाड्यात झोपेला घड्याळ नाही. डोलीची जाळी भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतात, पाणी मंदावले की जाळे ओढायचे, मग ते रात्री २ वाजता मंदावो की दुपारी २ वाजता. त्यामुळे दोन पाण्यांच्या मध्ये जो वेळ मिळतो त्यात माणूस होडीत जागा मिळेल तिथे, दोरखंडावर डोके ठेवून झोपतो. ती झोप घेतली नाही तर ओल्या फळीवर पाय घसरायला किंवा दोरीत हात अडकायला वेळ लागत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे.

चर्चमध्ये वादळाचा तो उतारा वाचला जातो, प्रभू वरामावर, म्हणजे होडीच्या मागच्या भागात, उशी घेऊन झोपला होता, आणि शिष्यांनी घाबरून त्याला उठवले. फादर नेहमी वाऱ्याला दिलेल्या आज्ञेवर बोलतात. माझे लक्ष मात्र झोपेवरच जाते. दिवसभर लोकांना शिकवून तो इतका थकला होता की लाटा आत येत असतानाही जागा झाला नाही. आणि त्याला झोपता आले, कारण होडी हाकणारे कोणीतरी जागे होते. आमच्याकडेही असेच आहे. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, जागा असतो म्हणून खलाशी झोपतो, आणि खलाशी सुकाणू धरतो तेव्हा तांडेल झोपतो. एकाची झोप दुसऱ्याच्या जागरणावर उभी असते, आणि पाळी सगळ्यांची येते. ज्या होडीत एकाचीच पाळी जागण्याची असते, त्या होडीवर मी माझ्या मुलाला पाठवणार नाही.

वसईची लेक :

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मी खरोखर आभारी आहे. धर्मशिक्षकांचे एलीयाबद्दलचे लिखाण मी काल रात्री दोनदा वाचले. मात्र नाखवादादांचा परिच्छेद वाचल्यापासून एक गोष्ट मनात घर करून राहिली आहे, ती नीट विचार करून लिहीन.

लालबागचा रहिवासी :

नाखवादादांनी पाळीचा मुद्दा काढला, म्हणून मुंबईच्या इतिहासातली एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. माझे वडील गिरणीत साच्यावर होते, आणि आमच्या घरी नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आदराने घेतले जाई.

लोखंडे हे जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या पहिल्या मागण्या अशा होत्या : आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण सुटी, आणि रोज दुपारी अर्धा तास विश्रांती. हा अर्धा तास मला या धाग्यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. तोवर गिरणी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले, आणि जेवायला म्हणून ठरलेली, हक्काची अशी सुटी कामगाराला नव्हती. रविवारच्या सुटीसाठी आणखी सहा वर्षे लढावे लागले. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानात सुमारे १०,००० कामगार जमले, दोन स्त्री कामगारांनीही तिथे भाषणे केली, आणि त्या वर्षी १० जूनपासून गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. राज्यकर्त्यांचा रविवार प्रार्थनेचा होता, आणि इथल्या बहुजनांच्या खंडोबाचा वारही रविवारच. दोघांच्याही देवाचा दिवस हाताशी होता, तरी कामगाराला तो मिळाला तो संघटनेच्या बळावर. पुढे १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर जे परिपत्रक काढले, त्यातही विश्रांती हा श्रमिकाचा हक्क मानलेला आहे, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तास कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली.

आता आजचे पाहा. आमच्या इमारतीचा पहारेकरी १२ तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो, आणि त्याचा डोळा लागला की त्याचा फोटो काढून सोसायटीच्या गटात टाकला जातो. घरपोच सामान आणणारी मुले दुपारी फुटपाथवर गाडीच्याच सीटवर आडवी होतात. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथे रात्रीची झोपसुद्धा पाळीने होते. चेन्नईत कमी उत्पन्नाच्या ४५२ लोकांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसे रात्री आठ तास अंथरुणात असत, पण त्यांची प्रत्यक्ष झोप साडेपाच तासांच्या आसपासच भरे, कारण ती सारखी मोडत असे. त्यांची रात्रीची झोप सुमारे अर्ध्या तासाने वाढवली, तरी कामात फारसा फरक दिसला नाही. कामाच्याच जागी शांत कोपऱ्यात दुपारी अर्धा तास झोपू दिले, तेव्हा मात्र त्यांचे काम, लक्ष आणि मनाची स्थिती, तिन्ही सुधारले. झोपेत गेलेल्या वेळामुळे कामाचे तास कमी झाले, हेही त्या अभ्यासकांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की दुपारी झोपावे की नाही हा प्रश्न ज्याच्याकडे पडदा, पंखा आणि दार आहे त्याचा आहे. बाकीच्यांचा प्रश्न, झोपायचे कुठे, हा आहे.

पाळीवाली परिचारिका :

लालबागच्या दादांच्या लिखाणानंतर पुन्हा वैद्यकीय मुद्दा काढते आहे, पण तो राहून जाऊ नये. ग्रीसमध्ये २३,००० हून अधिक लोकांचा जो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नियमित दुपारी झोपणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू ३७ टक्के कमी आढळले. हा आकडा सगळीकडे फिरतो. पण २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या नोंदींवरून उलटही दिसले : वारंवार दिवसा झोपणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण १२ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचे २४ टक्क्यांनी अधिक होते. यांतला कोणताही आकडा झोपेमुळेच असे घडले हे सिद्ध करत नाही. बऱ्याचदा आजारी माणूस अधिक झोपतो, आणि आपण झोपेलाच आजाराचे कारण समजतो.

त्यामुळे ताई, तुमचा रक्तदाब वाढलेला आहे म्हणून आग्रहाने विचारते : तुम्ही रात्री घोरता का? झोपेत श्वास अडकून जाग येते का? सकाळी उठल्यावर डोके दुखते का? असे असेल तर रात्रभर केली जाणारी झोपेची तपासणी करून घ्या, कारण झोपेत श्वास थांबण्याच्या विकारात रक्तदाब बऱ्याचदा औषधांना दाद देत नाही आणि माणूस दिवसभर पेंगत राहतो. रक्तातील लोह, थायरॉइड आणि बी-१२ हेही पाहून घ्या. आपल्या वयाच्या कितीतरी बायका ‘दमले असेन’ म्हणून वर्षानुवर्षे हे आजार अंगावर काढतात. माझ्या सख्ख्या बहिणीचा हिमोग्लोबिनचा आकडा सातवर आला होता, आणि मी परिचारिका असूनही तिला आळशी म्हणत होते. ते शब्द मला आजही परत घेता येत नाहीत.

धर्मशिक्षक :

‘आळशी’ हा शब्द कुणाच्या तोंडी आला यावरून एक आठवले. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मिसर देशात गुलाम असलेले इस्राएल लोक रानात जाऊन उपासना करण्यासाठी काही दिवस मागतात, तेव्हा तिथला राजा फारो म्हणतो की हे आळशी आहेत, म्हणूनच ओरडत आहेत, आणि विटांसाठी लागणारा पेंढाही त्यांनाच गोळा करायला लावतो, विटांची संख्या मात्र कमी करत नाही. लालबागच्या बंधूंनी सांगितलेला तो फोटो त्याच जातीचा आहे. आणि याच गुलामांना सोडवल्यानंतर देवाने शब्बाथाची, म्हणजे दर सातव्या दिवशी विसावा घेण्याची, आज्ञा दिली. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तिचे कारणही दिले आहे : तुझ्याप्रमाणे तुझ्या दासालाही आणि दासीलाही विसावा मिळावा, तू स्वतः मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव.

वसईची लेक :

नाखवादादांचे लिखाण वाचल्यापासून जी गोष्ट मला सतावत होती, ती आता धर्मशिक्षकांनी दिलेल्या वचनाने अगदी समोर आणून ठेवली आहे, म्हणून लिहिते.

माझ्या घरी एक मावशी कामाला येतात. त्यांची वेळ दुपारी २ ची. सकाळी ६ वाजता मालवणीतल्या घरून निघून चार घरे करून त्या माझ्याकडे पोहोचतात, आणि माझ्यानंतर आणखी दोन घरे असतात. म्हणजे मी ज्या वेळी पडदा ओढून पडते, त्याच वेळी स्वयंपाकघरात त्या भांडी घासत असतात. मी त्यांना ‘भांड्यांचा आवाज जरा कमी करा’ असेही अनेकदा सांगितले आहे. हे लिहिताना मला लाज वाटते. आठ वर्षांत त्या माझ्या घरी एकदाही बसलेल्या मला आठवत नाहीत, फक्त कधीतरी ओट्याला टेकून चहा घेताना त्यांचे डोळे मिटलेले मी पाहिले आहेत, आणि मी आत येताच त्या लगेच सरळ होतात. अगदी माझ्या आजीसारख्या.

मी इथे विचारायला आले होते की मला झोपण्याची परवानगी आहे का. आता मला कळते आहे की त्या आज्ञेत माझे नाव जिथे आहे, त्याच वाक्यात त्यांचेही आहे.

भायखळ्याचा विश्वासी :

ताई, तुमचे लिखाण वाचून मीही थोडे माघारी येऊन लिहितो. माझे वडील छापखान्यात होते, दोन पाळ्या करत, आणि नीतिसूत्रे त्यांना तोंडपाठ होती, हे मी आधी सांगितले. हे मात्र सांगितले नव्हते की निवृत्तीनंतर त्यांना दुपारी झोपच लागत नसे. ते खुर्चीत ताठ बसून राहत, कारण पडले की आपण निरुपयोगी झालो असे त्यांना वाटे. शेवटच्या आजारात अंथरुणावर पडून असताना ते माझ्या आईची क्षमा मागत. मुंगीचे वचन खरेच आहे, ते मी सोडणार नाही. पण स्तोत्र १२७ मध्येही पहाटे उठणे, उशिरापर्यंत जागणे आणि कष्टाची भाकर खाणे व्यर्थ म्हटले आहे, आणि देव आपल्या प्रियजनांना झोप देतो असे त्याचे एक भाषांतर होते, तर झोपेतही त्यांना लागेल ते देतो असे दुसरे. वडिलांना ही ओळ कुणीतरी वेळेवर वाचून दाखवायला हवी होती, आणि ते काम माझे होते.

वसईची लेक :

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. परिचारिकाताई, तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन कमी निघाले, गोळ्या सुरू आहेत, आणि झोपेच्या तपासणीसाठी पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली आहे. रात्रीचे आवरणे आता यजमान आणि मुलगा यांनी वाटून घेतले आहे, त्यामुळे १०.४५ पर्यंत मी पडते.

मावशींना मी पहिल्या दिवशी म्हटले की आल्याबरोबर २० मिनिटे पडा, मग काम करा, तेव्हा त्या घाबरल्या. त्यांना वाटले, मी काम काढून घेते आहे किंवा पगार कापणार आहे. दोन्ही नाही हे समजावायला दोन दिवस लागले. त्यांचे पुढचे घर चुकू नये म्हणून माझ्याकडची फरशी एक दिवसाआड पुसायची असे ठरवले, पगार तोच. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर पडायला त्या तयार नव्हत्या, जमिनीवरच पडते म्हणाल्या. मग मी चटई, उशी आणि पंख्याखालची जागा दिली. पहिला आठवडा त्या डोळे उघडे ठेवूनच पडून राहिल्या. परवा पहिल्यांदा त्यांचा श्वास संथ लागला.

मी माझी झोप आता २.३० ला घेते. त्याआधीची २० मिनिटे पाळी माझी असते. दाराची बेल बंद करते, फोन आवाज मिटवून जवळ ठेवते, आणि दाराशी खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसते. काल शेजारच्या बाई आल्या, तेव्हा मी बोटाने त्यांना गप्प राहायची खूण केली आणि हळू आवाजात सांगितले, मावशी झोपल्या आहेत, अर्ध्या तासाने या.